ट्रॅक्टरला जमिनीवर ठेवणारा माणूस : हॅरी फर्ग्युसन

शेतात उभ्या असलेल्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या मागे गेले, की खालचे दोन दांडे आणि त्यांच्या वर मधोमध एक तिसरा दांडा अशी जोडणी दिसते. नांगर असो, कल्टिव्हेटर असो, रोटाव्हेटर असो वा पेरणी यंत्र, सारी अवजारे याच तीन टोकांना अडकवली जातात. आपला शेतकरी तिला नुसते 'लिफ्ट' म्हणतो आणि अवजार वर-खाली करण्याची ती एक सोय आहे, असे समजतो. परंतु ही जोडणी जन्मास आली तेव्हा तिच्यामागे याहून गंभीर असा एक प्रश्न उभा होता. नांगर जमिनीत अडला, की ट्रॅक्टरचे तोंड आभाळाकडे जाई आणि सारे धूड मागे बसलेल्या चालकावर कोसळे. हे कसे थांबवावे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यात ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, तो आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा म्हणजे हॅरी फर्ग्युसन.

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी उत्तर आयर्लंडमधील डाऊन परगण्यात, ड्रोमोर गावाजवळील ग्रोवेल येथे झाला. अकरा भावंडांतील ते चौथे. वडील जेम्स हे कडक धार्मिक वृत्तीचे आणि शिस्तीचे भोक्ते होते. घरची शेती होती. परंतु घोड्यांमागे नांगर धरून दिवस दिवस चालण्याच्या त्या कष्टांचा हॅरी यांना मनापासून तिटकारा होता. वडिलांच्या धर्मनिष्ठेशीही त्यांचे जुळले नाही. घर सोडून कॅनडास निघून जावे, असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात थोरले बंधू जो यांनी बेलफास्ट येथे सुरू केलेल्या मोटार व सायकल दुरुस्तीच्या कारखान्यात त्यांना उमेदवार म्हणून बोलावून घेतले. हे साल १९०२. शेती नकोशी झाली म्हणून शहरात आलेला हा तरुण पुढे शेतीचेच रूप पालटून टाकील, असे तेव्हा कोणास वाटले नसेल.

इंजिनाचा आवाज ऐकून त्यातील दोष सांगण्याची विलक्षण हातोटी त्यांच्यापाशी होती. मोटारसायकल आणि मोटार यांच्या शर्यतींत त्यांनी नाव मिळवले. त्याच सुमारास युरोपात विमानविद्येचे वारे वाहू लागले होते. फर्ग्युसन यांनी स्वतः विमान बांधले आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे ते उडवून दाखवले. स्वतः बांधलेल्या विमानातून आयर्लंडमध्ये उड्डाण करणारे ते पहिलेच. पुढील वर्षी न्यूकॅसल या किनाऱ्यावरील गावी सुमारे तीन मैलांचे उड्डाण करून त्यांनी १०० पौंडांचे बक्षीसही मिळवले. मात्र हा छंद फार काळ टिकला नाही. १९११ मध्ये त्यांनी बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा व्यवसाय थाटला, १९१३ मध्ये मॉरीन वॉटसन यांच्याशी विवाह केला आणि ते संसाराला लागले.

पहिल्या महायुद्धाने त्यांच्या जीवनाला कलाटणी दिली. जर्मन पाणबुड्यांमुळे ब्रिटनकडे येणारे धान्य अडू लागले होते आणि अधिकाधिक जमीन नांगराखाली आणणे निकडीचे झाले होते. फर्ग्युसन यांचा व्यवसाय त्या वेळी 'ओव्हरटाईम' नावाचा अमेरिकी बनावटीचा ट्रॅक्टर विकत असे. १९१७ मध्ये आयर्लंडच्या कृषी मंडळाने त्यांच्यावर देशातील ट्रॅक्टर व नांगर यांच्या कामावर देखरेख करण्याची आणि त्यांचा उपयोग अधिक चांगला कसा होईल हे पाहण्याची कामगिरी सोपवली. त्यांचे कुशल सहकारी विली सँड्स यांना बरोबर घेऊन ते गावोगाव हिंडले. यंत्रे कशी चालतात, चालक ती कशी वापरतात, कोठे बिघडतात, हे त्यांनी बांधावर उभे राहून पाहिले. या भटकंतीत त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की हेरली. दोष एकट्या ट्रॅक्टरचा नव्हता, एकट्या नांगराचाही नव्हता. दोष होता तो या दोघांना जोडणाऱ्या साखळीचा.

तोवर ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी घोडा, अशीच कल्पना होती. घोड्यामागे जसा नांगर बांधावा, तसाच तो ट्रॅक्टरमागे साखळीने किंवा ड्रॉबारने बांधला जाई. परंतु घोडा आणि ट्रॅक्टर यांत एक मूलभूत भेद आहे. नांगर खडकात अडकला की घोडा थांबतो, इंजिन थांबत नाही. इंजिन मागच्या आसाला फिरवू पाहते. चाके फिरू शकत नसतील, तर तोच जोर उलट दिशेने ट्रॅक्टरच्या सांगाड्यावर येतो आणि पुढची चाके जमिनीवरून उचलली जातात. ओढण्याची जागा मागच्या आसाच्या बरीच खाली असेल, तर नांगराची ओढ पुढचे तोंड खाली दाबण्यास मदत करते. तीच जागा आसापेक्षा उंच असेल, तर ही ओढच ट्रॅक्टरला मागे खेचते. पुढची चाके एकदा ठराविक उंचीच्या पलीकडे गेली, की ट्रॅक्टर स्वतःच्याच वजनाने मागे पडतो. या साऱ्या घटनेला एक-दोन सेकंदही लागत नाहीत. काय होत आहे हे चालकाला उमजून त्याचा पाय क्लचवर पडण्याआधीच सारे संपलेले असते.

१९१७ मध्ये हेन्री फोर्ड यांचा 'फोर्डसन' बाजारात आला आणि या धोक्याला मोठे रूप आले. फोर्डसन हलका होता, स्वस्त होता, लाखोंनी खपला. ज्यांनी आयुष्यात कधी यंत्राला हात लावला नव्हता, असे शेतकरी त्यावर बसले. हलक्या पुढच्या भागामुळे तो मागे उलटण्याच्या घटना वारंवार घडू लागल्या आणि १९२० च्या दशकात अमेरिकी नियतकालिकांतून त्यावर कडक टीका झाली. उपाय म्हणून पुढे वजने टांगणे, मागे लांब मडगार्ड बसवणे असे प्रकार झाले. सर्वांचा रोख ट्रॅक्टर अधिक जड करण्याकडे होता. फर्ग्युसन यांना हा मार्ग मान्य नव्हता. जड ट्रॅक्टर माती दाबतो, इंधन खातो, महाग पडतो आणि लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो. वजन वाढवायचे नाही, तर भूमितीने ते योग्य जागी आणायचे, हा त्यांचा विचार होता.

त्यांचा पहिला नांगर फोर्ड मोटारीपासून बनवलेल्या 'ईरॉस' ट्रॅक्टरसाठी होता. त्याला स्वतःची चाके नव्हती. तो थेट ट्रॅक्टरला जोडला जाई आणि ओढ अशा रेषेत येई, की ट्रॅक्टरची चारही चाके जमिनीवर दाबली जात. त्यानंतर एकावर एक अशा दोन दांड्यांची जोडणी आली. वरचा दांडा हीच यातील खरी किल्ली होती. नांगराचा फाळ दगडात अडला, की नांगर पुढे कलंडू पाहतो. तसे करताना तो वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरला पुढे ढकलतो आणि उचलले जाऊ पाहणारे तोंड खाली दाबतो. ज्या अडथळ्यामुळे ट्रॅक्टर उलटायचा, तोच अडथळा आता त्याला जमिनीवर धरून ठेवू लागला. शत्रूचेच बळ वापरून शत्रूला नमवण्याचा हा प्रकार होता.

तरीही एक अडचण उरली. चाके नसलेला नांगर उंचसखल जमिनीत कधी खोल जाई, कधी वर येई. यावर फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खर्च केली. १९२५ मध्ये त्यांनी ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात या अडचणीचे उत्तर होते. नांगरावरील ओढ वाढली, की वरच्या दांड्यावरचा दाब वाढतो. हा दाब तेलाच्या दाबावर चालणाऱ्या लिफ्टच्या झडपेपर्यंत पोहोचवायचा आणि लिफ्टने नांगर थोडा वर उचलायचा. ओढ कमी झाली, की नांगर पुन्हा खाली. यात नांगराचे व मातीचे वजनही मागच्या चाकांवर येते, त्यामुळे हलका ट्रॅक्टर जड ट्रॅक्टराइतकी पकड घेतो. पुढे विकसित झालेल्या रचनेत नांगर एखाद्या गाडलेल्या खडकावर आपटला, तर लिफ्टचा दाब सुटे, मागच्या चाकांवरचा भार निघून जाई आणि चाके जागच्या जागी फिरत राहत. ना नांगर मोडे, ना ट्रॅक्टर उलटे.

ही कल्पना बाजारात उतरवणे मात्र सोपे नव्हते. अमेरिकेतील इव्हान्सव्हिल येथे शेर्मन बंधूंच्या भागीदारीत १९२५ मध्ये सुरू केलेला नांगरांचा कारखाना फोर्डसनवर अवलंबून होता. १९२८ मध्ये फोर्ड यांनी अमेरिकेतील फोर्डसनचे उत्पादन बंद केले आणि तो धंदा बसला. फर्ग्युसन यांनी मग स्वतःचाच ट्रॅक्टर बांधायचे ठरवले. १९३३ मध्ये त्यांचा काळ्या रंगाचा नमुना तयार झाला. तिन्ही दांडे आणि तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट त्यात एकत्र आली होती. १९३६ पासून डेव्हिड ब्राऊन यांच्या हडर्सफील्ड येथील कारखान्यात त्याची निर्मिती सुरू झाली. परंतु या भागीदारांचे पटले नाही आणि सुमारे १,३५० ट्रॅक्टर बनल्यावर ते वेगळे झाले.

१९३८ च्या शरद ऋतूत फर्ग्युसन आपला एक ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेस गेले आणि डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड यांच्या शेतावर त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले. स्वतः शेतकऱ्याचा मुलगा असलेल्या फोर्ड यांना त्याचे मर्म तत्काळ कळले. दोघांनी हस्तांदोलन केले आणि त्यावरच करार झाला; एका कागदावरही सही झाली नाही. फोर्ड यांनी ट्रॅक्टर बनवायचा, फर्ग्युसन यांनी आपली पद्धत द्यायची आणि विक्री सांभाळायची. १९३९ मध्ये हा ट्रॅक्टर बाजारात आला आणि पुढील आठ वर्षांत त्याची व त्याच्या सुधारित रूपाची मिळून तीन लाखांहून अधिक यंत्रे तयार झाली.

शब्दावर उभा राहिलेला हा व्यवहार हेन्री फोर्ड यांच्या नातवाच्या हाती कारभार गेल्यावर कोसळला. १९४७ मध्ये फोर्ड कंपनीने फर्ग्युसन यांना वगळून तीच पद्धत असलेला नवा ट्रॅक्टर काढला. १९४८ च्या आरंभी फर्ग्युसन न्यायालयात गेले. २५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा हा दावा चार वर्षे चालला आणि एप्रिल १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मागितलेल्या रकमेच्या मानाने ती अल्पच. पण आपल्या पेटंटांचा मोबदला मिळाला, हे फर्ग्युसन यांना महत्त्वाचे वाटले.

मधल्या काळात त्यांचे सर्वांत गाजलेले अपत्य जन्मास आले होते. कॉव्हेंट्रीतील बॅनर लेन येथील स्टँडर्ड मोटार कंपनीच्या कारखान्यात १९४६ पासून १९५६ पर्यंत 'टीई-२०' हा करड्या रंगाचा छोटा ट्रॅक्टर पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. एक टनाहून थोडे अधिक वजन असलेल्या या यंत्रात चालकाच्या जिवाचा विचार पदोपदी दिसतो. इंजिन सुरू करण्याचा खटका गिअरच्या दांड्यातच होता. त्यामुळे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सुरूच होत नसे. चाकांमधील अंतर सुमारे सव्वा मीटरपासून एकोणीसशे मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त करता येई, म्हणजे उताराच्या जमिनीत ट्रॅक्टर अधिक रुंद पायावर उभा करता येई. यंत्र विकून फर्ग्युसन थांबले नाहीत. स्टोनली येथे त्यांनी प्रशिक्षण विद्यालय चालवले. विकणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने यंत्र समजून घेतलेच पाहिजे, याबाबत ते कमालीचे आग्रही होते. याच ट्रॅक्टरांवर स्वार होऊन एडमंड हिलरी व त्यांचे सहकारी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले.

फर्ग्युसन स्वभावाने हट्टी, टापटिपीचे आणि भांडखोर होते. भागीदार त्यांना फार काळ सहन करू शकत नसत. १९५३ मध्ये त्यांनी आपला व्यवसाय कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. त्या वेळी दहा लाख डॉलरच्या फरकावर अडलेला सौदा त्यांनी नाणे उडवून मिटवला आणि ते हरले. पण तो आनंदाने मान्य केला. पुढे याच कंपनीचे नाव 'मॅसी फर्ग्युसन' झाले. थोड्याच अवधीत ते तेथूनही बाहेर पडले आणि मोटारी घसरू नयेत म्हणून चारही चाकांना शक्ती देण्याच्या संशोधनात त्यांनी स्वतःला गुंतवून घेतले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्लॉस्टरशायरमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पद्धतीवर बांधलेल्या शर्यतीच्या मोटारीने पुढच्याच वर्षी, स्टर्लिंग मॉस यांच्या हाती, ओल्टन पार्कची शर्यत जिंकली. ते पाहण्यास ते उरले नव्हते.

त्याच १९६० मध्ये मद्रास येथे 'टाफे' ही कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात बनू लागले. आज महाराष्ट्रात कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर असो, त्यामागची जोडणी फर्ग्युसन यांचीच आहे. म्हणूनच त्यांनी काय साधले आणि काय साधले नाही, हे नीट समजून घेणे आपल्याला आवश्यक आहे.

त्यांनी सोडवला तो प्रश्न नांगरटीतील मागे उलटण्याचा, आणि तोही जोडणी योग्य रीतीने वापरली तर. झाडाचा बुंधा ओढण्यासाठी किंवा चिखलात रुतलेली ट्रॉली काढण्यासाठी वरच्या दांड्याच्या जागी साखळी बांधली, की ओढ मागच्या आसाच्या वर जाते आणि १९१७ चा धोका जसाच्या तसा परत येतो. ओढायचे ते नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधून ओढले पाहिजे. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या भरून चढ चढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचललेली दिसतात. बघ्यांना त्याचे कौतुक वाटते. वास्तविक त्या क्षणी ट्रॅक्टरला ना दिशा असते, ना तोल.

दुसरा धोका बाजूला उलटण्याचा. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या एका खिळीवर डुलत असतो. त्यामुळे चार चाकांचा दिसणारा ट्रॅक्टर तोलाच्या दृष्टीने तीन पायांवर उभा असतो : मागची दोन चाके आणि पुढची ती खिळी. या त्रिकोणाच्या बाहेर गुरुत्वमध्य गेला, की ट्रॅक्टर कलंडतो. पुढे लोडर बसवून त्याची बादली भरली, की वजन त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकते आणि मागची चाके हलकी होतात. बादली वर उचलली, की गुरुत्वमध्यही वर जातो. अशा स्थितीत एक चाक खड्ड्यात जाणे किंवा थोडे जोरात वळणे पुरेसे होते. फर्ग्युसन यांनी मागे जोडलेल्या अवजारासाठी वजनाची जी भूमिती बसवली होती, ती पुढच्या लोडरने पार उलटी होते.

म्हणून लोडर चालवणाऱ्याने काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. मागच्या तीन दांड्यांवर पुरेसे वजन टांगावे. भरलेली बादली जमिनीपासून जेमतेम वर ठेवून हळू चालवावे आणि रिकामी करण्याच्या जागी पोहोचल्यावरच ती उचलावी. उतारावर भरलेली बादली चढाच्या बाजूला ठेवावी. म्हणजे चढताना पुढे आणि उतरताना मागे चालवावे. चाकांतील अंतर जितके रुंद करता येईल तितके करावे. रस्त्यावर जाताना ब्रेकचे दोन्ही पेडल एकमेकांना अडकवून घ्यावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर वेगात ट्रॅक्टर गरकन फिरतो आणि पडतो. उचललेल्या बादलीखाली कोणी उभे राहू नये, बादलीत माणूस चढवू नये आणि ट्रॅक्टर सोडताना बादली जमिनीवर टेकवावी. मडगार्डवर कोणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नये.

एवढे करूनही चूक होऊ शकते, हे जगाने पुढे मान्य केले. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती मजबूत लोखंडी चौकट सक्तीची केली; ब्रिटनने १९७० मध्ये नव्या ट्रॅक्टरांसाठी तसेच केले. ट्रॅक्टर उलटला तरी चालकाच्या भोवती जगण्यापुरती जागा शिल्लक राहावी, हे या चौकटीचे काम. चौकट असेल तर पट्टा बांधावाच, म्हणजे चालक त्या जागेबाहेर फेकला जात नाही. चौकट नसेल तर पट्टा बांधू नये. उन्हासाठी बसवलेले पत्र्याचे छत म्हणजे अशी चौकट नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

फर्ग्युसन यांना नांगरामागे चालणे नकोसे झाले होते, म्हणून त्यांनी घर सोडले. पण ज्यांना ते सोडता येणार नव्हते, त्यांचे कष्ट हलके व्हावेत आणि जीव वाचावा, यासाठी त्यांनी आपली सारी बुद्धी वेचली. त्यांच्या तीन दांड्यांनी एक मरण बरेचसे टाळले. उरलेली मरणे टाळणे ही यंत्राची नव्हे, तर यंत्रावर बसणाऱ्याची आणि त्याला यंत्र देणाऱ्याची जबाबदारी आहे.